विहिरीत माणूस आहे का?

१

ऑफिसात सगळे तिला पाठीमागे ‘फिनेल’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. तिच्या कळफलकाला दुसऱ्या कोणाचा हात लागला, की ती तो उलटा करून झटकायची आणि स्पिरिटच्या बोळ्याने एकेक कळ पुसायची. तिच्या टेबलावर कोणी चहाचा कप ठेवला, तर ती त्याच्याकडे अशी बघायची की तो बिचारा माणूस कप हातात धरूनच उरलेलं बोलणं उरकायचा.

ती प्रोग्राम लिहायची, आणि ज्या भाषेत लिहायची ती भाषाही तिच्याच स्वभावाची होती. फंक्शनल भाषा. त्या भाषेतलं फंक्शन बाहेरच्या जगाला हात लावत नाही. त्याला जे द्याल त्याचं ठरलेलं उत्तर ते देतं. आज देईल तेच उद्या देईल. आत धूळ नाही, डाग नाही. पण नुसत्या स्वच्छपणावर कुठलंच काम भागत नाही. समोरच्या माणसाने काही टाइप केलं तर ते वाचावं लागतं, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामकडून काम करून घ्यायचं तर तो सुरू करून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ही दोन्ही कामं ती प्रोग्रामच्या अगदी कडेला ठेवायची. बाहेरून जे येईल त्याने आधी पायपुसण्यावर पाय पुसायचे, मगच आत यायचं.

अशा बाईच्या वाट्याला नेमकं शहराच्या मैल्याचं काम आलं. ते ऐकून ऑफिसातली माणसं आठवडाभर हसत होती.

२

शहराच्या सखल टोकाला एक पंपघर होतं. सगळ्या घरांतलं सांडपाणी तिथल्या खोल विहिरीत उतरायचं आणि तिथून पंपाने पुढे ढकललं जायचं. पंपाच्या तोंडाशी पोलादी पाती होती, चिंध्या आणि केसांचे गुंते कापणारी. विहीर साफ करायला माणसं आत उतरत. म्हणून पंप सुरू करण्याआधी तिचा प्रोग्राम पडद्यावर एक प्रश्न विचारायचा: विहिरीत माणूस आहे का? पंप चालवणाऱ्याने ‘नाही’ असं टाइप केलं तरच पंप सुरू. दुसरं काहीही आलं, रिकामी ओळ आली, अर्धवट अक्षर आलं, तर आत माणूस आहे असंच धरायचं. हा नियम तिने स्वतः घातला होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

पंप चालवणाऱ्याला तिथे सगळे काका म्हणत. जाड बोटांचा, सैल पोटाचा, शांत माणूस. बोट जिभेला लावून ओलं करायचं आणि मग कळ दाबायची, ही त्याची सवय. पहिल्या दिवशी ते पाहिलं तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी काकाचा फोन आला.

“ताई, तुमचा प्रोग्राम माझं ऐकत नाही हो.”

“म्हणजे?”

“मी म्हणतो नाही, तो म्हणतो माणूस आहे. पंपच लावत नाही.”

तिने जाऊन पाहिलं आणि तासाभरात चूक सापडली. प्रश्न विचारण्याआधी तिचा प्रोग्राम आणखी एक छोटा प्रोग्राम चालवायचा, विहिरीतली पातळी मोजणारा. असा बाहेरचा प्रोग्राम सुरू केला की तो आपल्याच कळफलकाला तोंड लावून बसतो. बंदोबस्त केला नाही तर येईल ते तोच घेतो. काका सवयीने प्रश्न यायच्या आधीच ‘नाही’ टाइप करून मोकळा व्हायचा. ते ‘नाही’ तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

“वाटेतच तो खाऊन टाकतो,” ती म्हणाली.

“खाऊन?”

“आम्ही असंच म्हणतो, काका.”

काका हसला. “मग त्याला वेगळं जेवायला वाढा की.”

तिने त्या प्रोग्रामचं तोंड कळफलकापासून तोडलं. त्याला वाचायला नुसती पोकळी दिली. शिवाय प्रत्येक आलेली ओळ जशीच्या तशी पडद्यावर उमटेल अशीही सोय केली. काकाने ‘नाही’ टाइप केलं, पंप धडधडत सुरू झाला. घरी जाऊन तिने दोनदा अंघोळ केली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोन.

पडद्यावर दोन ओळी होत्या. खालची ‘नाही’. तिच्या वर, काकाच्या आधी आलेली, ‘हो’.

“मी एकदाच लिहिलं, ताई. मुलांची शपथ घेऊन सांगतो.”

३

कळफलक हातात घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. कळांच्या मधल्या फटींत पिवळट मेणासारखं काहीतरी साचलं होतं. नखाने खरवडलं तर त्याची वळकटी निघत होती. तिने हातमोजे चढवले, कळफलकाची तार उपसून काढली आणि तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. आता लिहायला काहीच जोडलेलं नव्हतं. प्रोग्रामला ‘काहीच आलं नाही’ असं उत्तर मिळायला हवं होतं.

बाहेर लख्ख दुपार होती. खिडकीवरचा पंखा बाहेरची गरम हवा आत ढकलत होता आणि वास खोलीभर फिरवत होता. तिने आपल्या लॅपटॉपवरून प्रोग्राम सुरू केला.

विहिरीत माणूस आहे का?

बराच वेळ पडद्यावरची उभी रेघ नुसती लुकलुकत राहिली. ती उठणार, एवढ्यात ‘ह’ उमटला.

नुसता ‘ह’. तो तसाच थांबला, वाट बघत असल्यासारखा. शब्द आठवायला वेळ लागावा तसा. मग त्याला काना आणि मात्रा येऊन चिकटली, आणि ओळ संपली.

हो

तिच्या पाठीमागे काका उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. तिने मागे वळून न बघताच विचारलं, “या संगणकाला आणखी कुठून काय जोडलंय?”

काका म्हणाला, “पूर्वी खाली पण एक कळफलक होता. विहिरीच्या आत, भिंतीतल्या कट्ट्यावर. माणूस उतरला की तिथूनच कळवायचा. वरच्याला उगाच ओरडायला नको म्हणून.”

“तो कुठाय?”

“काढला की. किती वर्षं झाली. तार राहिली असेल तोडलेली, लोंबत. कोण जातंय काढायला?”

तिचा जीव भांड्यात पडला. उघडी तार, ओल, गळती. ओलीमुळे तारेवर नाही नाही ते येतं. त्याला प्रोग्राम अक्षर समजतो. ती हे काकाला समजावून सांगायला लागली आणि मध्येच थांबली. ओल ‘ह’ लिहील. ओल ‘ो’ही लिहील. पण ओल मध्ये थांबेल का?

४

विहिरीवर लोखंडी जाळी होती. काकाने ती कडेला सरकवली आणि विजेरी तिच्या हातात दिली.

खाली पाणी दिसतच नव्हतं. वर चरबीचा जाड थर धरला होता, करडा, भेगाळलेला, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. त्यात केस रुतले होते, कापूस, फुगलेलं काहीबाही. थर हलत होता. मधोमध वर येत होता, खाली बसत होता. खालून वायू येतो, ती मनाशी म्हणाली. वायूचे बुडबुडे. पण बुडबुडा फुटतो, आणि हे फुटत नव्हतं. सावकाश वर, सावकाश खाली. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं.

वास तोंडात शिरला. त्याची चव तिला जिभेवर टाळता आली नाही. गोडसर.

“तार कुठून येते?” तिने रुमालातून विचारलं.

काकाने बोट दाखवलं. भिंतीतून एक नळी निघून त्या थराखाली गेली होती. तारेचं टोक खाली, आत कुठेतरी होतं.

“पाणी उतरल्याशिवाय हात पोचायचा नाही,” काका म्हणाला. “आणि पंप चालल्याशिवाय पाणी उतरायचं नाही.”

“इथूनच तोडता येईल ना?”

“त्याच नळीत पातळीची तार आहे, ताई. कोणती कोणाची, वरून काय कळणार? पातळीची तुटली तर सगळंच आंधळं.”

ती वाकून बघत होती तेव्हा थर तिच्या बाजूला जरासा कलला. निदान तिला तसं वाटलं. तिने विजेरी विझवली आणि जाळी ओढून घ्यायला सांगितली.

५

“अगं, किती वेळा हात धुशील? कातडं निघेल,” नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. तो सरळमार्गी, खाण्यापिण्याचा शौकीन माणूस होता. त्याने तिच्यासाठी ताट वाढलं होतं.

“वास येतोय का रे मला?”

त्याने तिच्या केसांजवळ नाक नेलं. “साबणाचा. जेव आता.”

पहिला घास तोंडात फिरत राहिला. गिळवेना. भाताचा मऊ गोळा टाळूला चिकटला आणि तिला तो करडा थर आठवला. तिने घास कागदात काढला, आणि ओशाळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ते पाहिलं होतं.

ती आडवी पडली तरी डोकं चालू होतं. ओल असेल तर त्या ओलीला प्रश्न कळणार नाही. ओल काहीही विचारलं तरी तेच उत्तर देईल. मग प्रश्नच बदलून बघायचा. एवढी साधी गोष्ट अखेर सुचली, म्हणून तिला बरंही वाटलं.

सकाळी पंपघरात पोचल्या पोचल्या तिने लॅपटॉपवरून प्रोग्रामची पंपाला न जोडलेली एक प्रत केली आणि तिच्यात प्रश्नाची ओळ बदलली. कळफलक अजून कोपऱ्यातच होता.

विहीर रिकामी आहे का?

उभी रेघ लुकलुकली. मग, कालच्यापेक्षा जरा लवकर:

नाही

ती खुर्चीत मागे सरली. पंख्याचा आवाज एकदम फार मोठा वाटायला लागला. इथे थांबायला हवं होतं, हे तिला नंतर कितीदा तरी वाटलं. पण हात थांबले नाहीत. तिने प्रश्न पुन्हा बदलला. एकच शब्द लिहिला.

कोण?

या वेळी उत्तर एका ओळीत मावलं नाही. ते आलं ते घसा मोकळा झाल्यासारखं, भसाभसा.

नाहनाहीहीीना ाहीनाीनहीाीी

काकाने इतक्या दिवसांत टाइप केलेली, मध्येच हरवलेली सगळी ‘नाही’ त्यात होती. कुठे नुसता काना, त्याचं अक्षर गायब. कुठे वेलांटी एकटीच. चावून, चघळून, लाळेत भिजवून परत टाकलेली. ओळींमागून ओळी येत होत्या आणि त्या बघताना तिला आपल्याच तोंडात ती अक्षरं असल्यासारखं वाटत होतं, दातांत अडकलेली, मऊ पडलेली.

ती मोरीपर्यंत पोचली नाही. दारातच ओकली.

काका पाणी घेऊन धावला. “ताई, तब्येत बरी नाही का?”

“काका,” ती तोंड पुसत म्हणाली, “खाली कधी कोणी… राहिलं होतं का?”

काकाने मान हलवली. “नाही हो. माझ्या वेळी नाही. त्याआधी पण कधी ऐकलं नाही.” तो खरं बोलत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे तिला जास्तच कसंतरी झालं.

६

दुपारी पालिकेचा साहेब आला. विहीर तोंडापर्यंत भरत आली होती. सखल वस्तीतल्या घरांत न्हाणीच्या जाळीतून मैला वर यायला लागला होता. शाळेच्या तळमजल्यावर बाकांच्या पायांपर्यंत पोचला होता. साहेबाच्या बुटांना तो लागला होता आणि तो प्रत्येक पायरीवर बूट घासत वर आला.

“पंप का बंद आहेत?”

“साहेब, आत माणूस आहे असं उत्तर येतंय.”

“कोण देतंय?”

तिने खाली लोंबणाऱ्या तारेचं सांगितलं. बाकीचं कुठल्या शब्दांत सांगायचं?

साहेबाने साफसफाईच्या सगळ्या माणसांना आवारात उभं केलं. एकेकाला नावाने हाक मारली, प्रत्येकाने ओ दिली. कोणी कमी नव्हतं. मग त्याने स्वतः जाळी उघडून खाली पाहिलं, नाक मुठीत धरून. मुकादमाला बांबू खुपसायला लावला. बांबू थरात सहज शिरला आणि सहज निघाला. टोकाला चिकटलेलं त्याने भिंतीवर झटकलं.

“दिसलं? आता तो प्रश्न काढा.”

“काढायला नको, साहेब. त्या प्रश्नासाठीच तर…”

“बाई,” साहेब थकलेल्या आवाजात म्हणाला, “लहान लहान पोरं त्या घाणीत उभी आहेत. तुमच्या कळफलकाच्या तारेत पाणी गेलंय म्हणून मी शहर बुडवू का?”

त्याचं बरोबर होतं. तीच गोष्ट तिला पुन्हा पुन्हा छळते. कुठूनही पाहिलं तरी त्याचं बरोबर होतं.

काढायची होती फक्त एक ओळ. प्रश्न गेला, उत्तराची वाट बघणं गेलं. प्रोग्राम आता थेट पंप सुरू करणार होता. तिने तो चालवला. पंपाची मोटर कुरकुरली, वेग घ्यायला लागली. पडद्यावर काही यायचं कारण नव्हतं. कोणी काही विचारलंच नव्हतं.

हो

ती पडद्याकडे बघत राहिली.

हो हो आहे आहे

आता अक्षरं थांबत नव्हती, चाचपडत नव्हती. वाचायला प्रोग्राम नव्हताच. ओळी नुसत्या उमटत होत्या आणि वर सरकत होत्या, कोणीही न घेता.

आहे आहे ताई

तिला इथे सगळे ताईच म्हणत. काका म्हणायचा, मुकादम म्हणायचा. या खोलीत, या पडद्यासमोर.

ताई थांबा

“बंद करा,” ती ओरडली. पण मोटरच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. काका खिडकीपाशी होता, साहेब दारात फोनवर होता. बंद करायची कळ तिच्या हाताखाली होती. ती तिने दाबली नाही. दाबता आली असती. त्या क्षणी तिला दया आली नाही, हे ती स्वतःपासून लपवत नाही. जे थुंकल्यासारखं पडद्यावर आलं होतं, त्याने आपल्याला ताई म्हणावं, याचीच तिला इतकी शिसारी आली, की ते संपावं एवढंच तिला वाटलं.

मोटरचा आवाज बदलला. पात्यांत चिंधी अडकली की खडखड होते; ही खडखड नव्हती. आवाज जड झाला, ओला झाला, मऊ काहीतरी चावताना येतो तसा. दिवे क्षणभर मंद झाले. मग पुन्हा मोकळा, एकसारखा घरघराट.

पडद्यावर आणखी काही आलं नाही. बऱ्याच वेळाने पंपाचा प्रोग्राम आपलं काम उरकून परतला आणि जाताना त्याने आकडा ठेवला: ०.

“शून्य म्हणजे काय?” साहेबाने तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

“काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “सगळं नीट झालं.”

७

पाणी तळाशी गेल्यावर ते खाली बघायला गेले. भिंतीवर चरबीचा थर दोन हात जाड चिकटून राहिला होता. नळी खाली जिथे संपत होती, तिथे शेजारीच त्या थरात एक खळगा होता. आतून गुळगुळीत. पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन कोणी फार दिवस बसून राहावं, तेवढा. मुकादम म्हणाला, घुशी असतील. ते कोणालाच पटलं नाही.

तोडलेल्या तारेचं टोक खळग्याच्या तोंडाशी लोंबत होतं. बाकीची तार काळी, कडक होती. टोकाला मात्र बोटभर भाग पांढरा, मऊ, सुरकुतलेला झाला होता. चोखून चोखून होतो तसा.

मुकादमाने पाण्याचा फवारा सोडला. खळगा ढासळला, गोळे होऊन खाली गेला. साहेब खूश होता. त्याने सगळ्यांसाठी खायला मागवलं; उकडलेली अंडी, पाव, मीठ. काकाने टेबलावर कागद पसरला आणि एक सोललेलं अंडं तिच्या पुढे केलं. त्याच्या अंगठ्याचा करडा ठसा त्या पांढऱ्यावर उमटला होता.

तिने ते घेतलं आणि खाल्लं. मग दुसरं खाल्लं. बोटांना चिकटलेलं मीठ चाटलं. कालपासून पहिल्यांदाच भूक लागली होती. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हात धुतले नाहीत, आणि ती किळस यायची वाट बघत थांबली. आली नाही. तिने मनातल्या मनात तो थर आठवून पाहिला, ती गोडसर चव आठवून पाहिली. पोटात काहीच ढवळलं नाही. तिने तिसरं अंडं उचललं.

घरी नवऱ्याने दार उघडलं, आणि तो दोन पावलं मागे गेला. त्याने कोपराने नाक दाबलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“कुठे पडलीस का तू?” तो कसाबसा म्हणाला. “अगं, हे काय आहे? कसला वास हा?”

तिने बाही नाकाशी नेली. मग तळवा, मग केसांची बट. दीर्घ श्वास घेऊन, शांतपणे, पुन्हा एकदा.

“कुठे काय,” ती म्हणाली, आणि आत यायला लागली. नवरा भिंतीला चिकटून मागे मागे सरत राहिला.